पीळ

तिबिलिसीत, जुन्या इस्पितळाच्या तळघरात
नेस्तान रविवारीही येते.
पेशींना रविवार नसतो.
एक दिवसाआड त्यांचं गुलाबी पाणी बदलावं लागतं.

डबीवर नाव नाही, आकडा: एक्केचाळीस.
पण तिला ठाऊक आहे तो कोणाचा,
कारण तुटतानाचा आवाज तिनं ऐकला होता
सातव्या रांगेत बसून.
ओतिया बोटांच्या टोकांवर, मऊ कातडी बुटांत,
मग उडी, मग
कोणीतरी दार आपटल्यासारखं काही,
आणि तो मागे वळून बघतो
टाचेवर लाथ कोणी घातली म्हणून.
मागे कोणीच नव्हतं.
ढोल आणखी चार ठोके वाजत राहिला.

सर्जननं शीर शिवली. उरलेला तुकडा
ओतियाच्या सहीनिशी तिच्याकडे आला,
तांदळाच्या दाण्याएवढा.

सुंभ जळतो, पीळ जात नाही, असं म्हणतात.
इथे उलटंच.
सुंभ सांधतो काही आठवड्यांत,
पीळ तेवढा परतत नाही.
भिंगाखाली व्रण म्हणजे पिंजलेला काथ्या:
धागे आहेत, हवे त्याहून जास्त आहेत,
एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही.

म्हणून ती त्यांना ओढते.
दोन चिमटे, एक इवलीशी मोटर,
शंभरात चार भाग ताण, मग सैल, पुन्हा ताण.
जास्त ओढलं तर फाटतात.
मुळीच नाही ओढलं तर विसरतात
आपण कशासाठी होतो.

एकदा तो आला.
कुबड्या भिंतीला लावून, एक डोळा मिटून
बराच वेळ वाकून राहिला.
"हा मी?"
"होतास."
"आणि ओढतेस कशाच्या ठेक्यावर?"
"सेकंदाला एकदा."
"त्यावर कोण नाचेल, बाई?"
आणि टेबलाच्या कडेवर बोटांनी
सहा मात्रा वाजवून दाखवल्या, दुसरी जरा उशिरा,
तिथे श्वास असतो म्हणाला.

वहीत त्या तारखेला नोंद आहे:
एक्केचाळीस-ब, लय बदलली.
'कारण' या रकान्यात तिनं काहीतरी लिहून
खोडलंय, कागद फाटेपर्यंत.

निकाल यायचा आहे. ससे नाहीत, पैसे नाहीत,
मार्चमध्ये दोनदा वीज गेली.
ओतिया पोरांना शिकवतो खुर्चीत बसून,
उजवी टाच अजून बुटाबाहेर.

रात्रपाळीचा म्हातारा रखवालदार मात्र
जिन्यावरून दर थोड्या वेळानं ओरडतो,
खाली कोण आहे रे?
कोण वाजवतंय?