बिनपावतीचा माल

पहिलं दिसलं ते अहमदीत, कँटीनमागच्या हिरवळीवर,
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी सहाला,
गोडाऊनची किल्ली चाचपत जाताना.
काल नव्हतं. आज होतं.
बशीएवढं पांढरं, वर तपकिरी खवले,
जणू कुणी भाकरी तव्यावरून उतरवून
गवतात निवायला ठेवलीय.

एकवीस वर्षं मी स्टोअरकीपर.
व्हॉल्व्ह, गास्केट, हातमोजे, हेल्मेट.
चलनाशिवाय माझ्या फाटकातून
वॉशरही आत येत नाही.
आणि हे?
कुणी मागवलं, कधी उतरलं,
सही कुणाची?

लहानपणी आम्ही याला कुत्र्याची छत्री म्हणायचो
आणि लाथेनं उडवायचो.
माळी मोफिझुल म्हणाला, आमच्याकडे बेडकाची छत्री.
दोघंही हसलो.
पन्नास अंशांच्या या मुलखात
बेडूक कुठला,
आणि छत्री तरी कशाला.

खरं सांगतो, लसणाची फोडणी
मनात केव्हाच तडतडली होती.
दवाखान्याच्या लॅबमधली सुसम्मा म्हणाली,
एक रात्र थांब. बीजाणूंचा रंग बघ,
मग जीव द्यायचा तर दे.
टोपी देठापासून अलगद सोडवली,
जुन्या चलनाच्या कोऱ्या पाठीवर पालथी घातली,
वर वाटी झाकली.
सकाळी वाटी उचलली, तर कागदावर
मधून निघालेल्या बारीक रेघा,
अंगठा उठवावा तशा गोल,
आणि रंग हिरवट,
तांब्याच्या भांड्यात कळकलेल्या ताकाचा.
विषारी, सुसम्मा म्हणाली.
रात्रभर ओकला असतास.

सही सापडली होती.

तेव्हापासून मान खाली घालून चालतो.
लोकांना वाटतं, नोकरी गेली की काय.
खजुराच्या बुंध्याशी कानासारखं काही,
एसीचं पाणी ठिबकतं त्या पुठ्ठ्यावर केशरी ठिपके.
ज्यावर 'खराब माल' असा शेरा मारून
इतकी वर्षं फेकत आलो,
ते आता भिंगाखाली धरतो.
नावं येत नाहीत. दहातली नऊ चुकतात.
वहीत लिहितो : लहान, तपकिरी, माहीत नाही.
खाली : लहान, तपकिरी, वरच्यापेक्षा वेगळं,
माहीत नाही.

फेब्रुवारीत खलफ मला घेऊन गेला
जहराच्या पलीकडे, सालमीच्या रस्त्यानं.
आमच्या फाटकावरचा रखवालदार, ताडमाड, अबोल.
ऑक्टोबरात ढग कडाडले
तेव्हाच त्यानं ठरवलं होतं म्हणे.
फगाला तिथले जुने लोक गडगडाटाची लेक म्हणतात.
ना छत्री, ना देठ,
वाळूनं पोटात ठेवलेला बटाटाच.
रक्रूकच्या झुडपाशी वाक, म्हणाला.
ऊन कलू दे.
वाळू बघू नको, सावली बघ.

तास गेला. त्यानं सात काढले,
मी उंटाची एक लेंडी.
मग एका जागी
जमीन फुलक्यासारखी फुगलेली
आणि तिला तडा,
केसाएवढा, तीन फाट्यांचा.
बोटं घातली.
आत गार होतं.

खलफनं हुंगलं, माझ्या तळव्यावर परत ठेवलं.
झुबैदी, म्हणाला,
आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले.
किलोचा भाव काय, मी विचारलं नाही.
माझ्या धंद्यात असं होत नाही.

गेल्या आठवड्यात हिरवळ उखडली.
पार्किंग करायचंय. ब्लॉक बसले, रोलर फिरला,
मोफिझुलला दुसऱ्या साइटवर धाडलं.
आज सकाळी सहाला
भिंतीकडच्या एका ब्लॉकची कड
नखभर वर आलेली.
वाकून पाहिलं. खाली पांढरं काही,
अजून मिटलेलं.

सुपरवायझर यायच्या आत
चार पिवळे कोन आणून भोवती मांडले.
रजिस्टरात नोंद केलीय :
सुरक्षा कोन, चार नग, सही माझी.
कारणाचा रकाना
कोरा सोडलाय.