उष्टं

ब्लॉक नंबर चार हजार चारशे सतरा.
मेणात बसवलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा,
सोनू बाळ्या भुवड, एकसष्ट, राहणार शिवडी.
मी त्याचे चार-चार मायक्रॉनचे काप काढते,
रिबिन कोमट पाण्यावर सोडते,
सुरकुती निघेपर्यंत थांबते.
अठरा वर्षं परळला, दुसऱ्या मजल्यावर, हेच.
तरी कुणाच्या आतलं पाण्यावर पसरताना
मी श्वास धरते.
काप हलू नये म्हणून, असं नव्या मुलींना सांगते.

परवा ते खिडकीशी आले होते, रिपोर्ट झाला का विचारायला.
महापालिकेत चावीवाले. तेहतीस वर्षं
पहाटे पावणेचारला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
लोखंडी चावी उतरवायची,
अकरा आटे, बारावा अर्धाच.
बारावा पुरा फिरवला की टेकडीवर थेंब चढत नाही.
"जन्मभर पाणी सोडलं, बाई,
पण कशावर पाणी सोडलं नाही," म्हणाले,
आणि हसता हसता पट्टा आत ओढला.
पट्ट्याला तीन नवी भोकं, खिळ्यानं पाडलेली.

आज काचेवर निळा रंग चढवला.
एका कोपऱ्यात, जिथं अस्तर अजून धड आहे,
तिथं ते दिसले. तीन-चार. पिळलेल्या स्वल्पविरामासारखे.
आम्लात कुणी जगत नाही म्हणतात;
हे स्वतःभोवती अमोनियाची घोंगडी गुंडाळून
पन्नास-पंचावन्न वर्षं जिन्याखाली राहिले.
सुईनं आत काही टोचत राहिले.
जळजळ, डागडुजी, पुन्हा जळजळ.
इतक्यांदा गिलावा काढला-चढवला
की गवंड्याचा हात चुकतोच.
कुठं एखादं अक्षर बदललं.
कुठं अक्षर बदललंच नाही,
नुसता थर चढला, वेशीवरच्या दगडाला शेंदूर चढतो तसा.
खालचं कोरीव जागच्या जागी, पण वाचता येईना.
पेशीनं पेशीचा हात धरावा असं सांगणारं जनुक
अशा थराखाली गेलं असणार.
मोडलं नाही. बंद झालं.
झडप मोडणं आणि झडप बंद असणं, यातला फरक
डॉक्टरांआधी भुवडांना कळला असता.

हात सुटलेल्या पेशी एकेकट्या निघाल्या,
पोटं फुगलेली, केंद्रक कडेला रेटलेलं,
अंगठीवरच्या खड्यासारखं.
पुस्तकातही त्यांना अंगठीचंच नाव आहे.
आणि जिथं अंगठ्या, तिथं जिवाणू एकही नाही.
शोधला मी, भिंग बदलून बदलून.
भाडेकरू निघून गेला होता,
थर तेवढा ठेवून.

"लहानपणीच शिरला असेल म्हणतात," परवा ते सांगत होते.
"आई भात चावून भरवायची. मला दात कुठले?
तिला एका वेळचं मिळायचं, त्यातलं अर्धं चावून माझ्या तोंडात."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
मागच्या माणसानं रांगेतून घसा खाकरला.
"येत्या गुरुवारी नातीचं उष्टावण आहे.
माझ्या बोटानं दोन शितं चालतील ना?"

हे सांगणं माझं काम नाही. माझं काम कापायचं.
तरी बोलले,
चमच्यानं भरवा, नवा, वेगळा,
आणि घरातल्या सगळ्यांची श्वासाची तपासणी करून घ्या,
निघालाच तर चौदा दिवसांच्या गोळ्या, एकही न चुकवता.
त्यांनी मान हलवली.
उजव्या हाताचं बोट उलटंसुलटं करून पाहिलं,
चावीनं घट्टे पडलेलं,
आणि खिशात घातलं.

रात्री घरी आमटीची चव घेतली
आणि पळी पुन्हा पातेल्यात बुडवता बुडवता थांबले.
धुवायला नळ सोडला.
धार बारीकच होती.
आमच्याकडचा चावीवाला नवा आहे,
आटे मोजायला शिकतोय अजून.