कडता

हळदीच्या अडतीत चाळीस वर्षं काटा धरला मी.
पोत्यामागं कडता किती, ओलीची घट किती,
बारदान किती भरतं,
हात लावला की सांगायचो.
म्हणून श्रेणिक जेव्हा म्हणाला,
"काका, टॉपअपमध्ये पहिले पाच लाख वजा,
त्याच्या वरचं कंपनी बघते,"
तेव्हा मान हलवली नुसती.
कडताच की हा.

आणि कडता भरायचा सरकारच्या कार्डानं.
कार्ड आहे आमचं,
रेशनकार्डाच्या पिशवीत, दोघांत मिळून पाच लाखांचं.
पण मिरजेत कुठल्या दवाखान्यात ते चालतं,
आणि चालत असलं तरी कुठल्या ऑपरेशनला,
हे ऐन वेळी कळतं.
आमच्या गाळ्यावरच्या सिदगोंडाला स्ट्रेचरवर कळलं.
कार्ड नाही चाललं तर?
"तर मग तो कडता तुमच्या खिशातनं, काका."
पोरगं खोटं बोललं नाही.

चटईवर तीन कागद मांडले त्यानं.
पहिला स्वस्त; खोलीचं भाडं ठरल्यापेक्षा वर गेलं
की सगळ्याच बिलाला कात्री.
दुसऱ्यात दर शंभरातले वीस आपले.
तिसरा
राजमतीनं आकडा ऐकला
आणि पदरानं चष्मा पुसत बसली, पुसत बसली.

मग फॉर्म. आधीचा काही आजार?
मी म्हटलं, नाही लिही. दगडागत आहे ती.

राजमती उठली.
मेथ्यांच्या डब्यामागून कागदाची पुडी आणली.
बीपीच्या गोळ्या,
एकूण एक अडकित्त्यानं अर्धी केलेली.
"डॉक्टर एक म्हणाले होते. अर्धीत भागत होतं."
कधीपासून?
"अडतीत बटणाचा काटा आला, तुम्ही घरी बसला,
तेव्हापासून."

नऊ वर्षं.
बाजारात गुंजभर इकडंतिकडं होऊ दिलं नाही मी,
शेतकऱ्याचं नाही, पेठेतल्या शेटचंही नाही,
आणि माझ्या घरात
माझ्या पाठीमागं
अर्ध्या मापानं चाललं होतं.

श्रेणिकनं पेन थांबवलं. आवाज खाली आणला.
"काकी, हे लिहिलं तर हप्ता वाढेल.
वर तीन वर्षं या दुखण्याला काही मिळायचं नाही.
पुष्कळ लोक नाही लिहीत."
मी पुडीकडं बघत होतो.
लिही, म्हटलं. मापात पाप नको.
गोळीचं नाव लिही. अर्धी घेते, तेही लिही.
"तेवढा रकाना नाहीय काका."

तीन वर्षं.
ती एकाहत्तर, मी पंचाहत्तरीला टेकलेला.
म्हणजे आधी तीन वर्षं धडधाकट राहायचं,
हप्ता चुकवायचा नाही,
मग आजारी पडायची मुभा.
राजमती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.
"काढू की तेवढी कळ."

तिसऱ्या कागदावर सही केली.
माझी इंग्रजीत, तिचा अंगठा नाही,
तिचीही सही, चौथीपर्यंतच्या अक्षरात.
बँकेतली ठेव मोडायची ठरली, सगळी नाही.

दिवस मावळायच्या आत जेवणं झाली.
तिनं तांब्या घेतला.
मी पुडीतले दोन अर्धे शोधून
तिच्या तळहातावर जुळवून ठेवले.
कडा पुरत्या बसेनात.
मधली भुकटी कागदाच्या घडीत सांडली होती,
थोडीशीच,
काट्यावर उमटली नसती.