ट्रंक कॉल

नागीण दिवाळीत आली, दिवाळीतच गेली.
बरगडीवर आता नुसते फिकट डाग,
तरी पदर लागला की आग होते.
पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही.

तांबोळी डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढला,
उभ्या चिरलेल्या फ्लॉवरसारखा,
आणि बॉलपेननं ठिपके दिले:
ही मज्जारज्जूची वाट, हा थॅलॅमस,
इथून पुढे कॉल वाटले जातात.

कॉल म्हणाल्या. खरंच.
एकतीस वर्षं मी बाजीराव रोडच्या एक्स्चेंजला,
कानाला हेडसेट, हातात दोऱ्या,
मिरज, बार्शी, फलटण.
थॅलॅमस मला समजावून सांगायला नको.

एवढंच विचारलं,
पलीकडे कुणीच नाही, तर घंटी कोण वाजवतं?

म्हणाल्या, वायर भाजलीय, आपणहून वाजते.
आणि फार दिवस वाजली की बोर्डालाही खोड लागते,
साध्या कॉलला तो लायटनिंग समजतो.
लायटनिंग! आठपट दर,
कुणी गेलं असेल, नाहीतर मंत्री,
बाकीच्या लाइनी तोडून द्यायचा.
आणि इथे कशासाठी?
ब्लाउजच्या शिवणीसाठी.

मग एक बदामाएवढा गोल काढला. ही भीती.
कॉल यायच्या आधीच उठून बसते.
हो. अंघोळीचं पाणी काढतानाच उठते.

औषधाच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
आजी, ही तर डिप्रेशनची गोळी.
तशीच परत गेले, चप्पल न काढता.
मी उदास नाही हो, मला दुखतंय.
ठाऊक आहे, त्या म्हणाल्या,
पण वरून खाली एक लाइन येते, आवाज दाबणारी,
तिलाही हीच रसायनं लागतात.
सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन.
चिठ्ठी मी वाण्याच्या यादीत ठेवली.

गुरुवारी शिरोळ्यांची ईरा सायकलवरून पडली.
दोन जिने उतरले, रक्त धुतलं, रिक्षा अडवली,
तिला उराशी धरून नेलं, त्याच बरगडीशी.
अर्धा तास एक घंटी नाही.
परतताना तिसऱ्या पायरीवर आली.

म्हणजे दोरी उपटणारं कुणी आहे तिथे,
रात्रपाळीची एखादी.
नाव कळलं असतं तर चहा पाठवला असता.

सव्वातीन. वाजतेय.
गोळीचा गुण यायला दोन आठवडे, आज नववा दिवस.
कूस बदलते, सवयीनं म्हणते,
तीन मिनिटं झाली, लाइन सोडा.

पुन्हा म्हणते.