टोक

गंगापूर धरणावरचं विश्रामगृह.
त्यांची अकरा माणसं, यांची दोन.
मी आरेखक खैरनार, नाशिकचाच,
दोन्ही हातांनी नकाशा दाबून उभा.

मोठ्यांचा साहेब हसला,
"रेघेएवढ्यावरून कसला वाद?"
आणि द्राक्षांचा घड ठेवला
नेमका खिंडीवर.

धाकट्या देशाच्या म्हाताऱ्याने
घड उचलून बशीत ठेवला,
ओल रुमालाने टिपली. मला विचारलं,
"ही रेघ जमिनीवर केवढी?"

अर्धा मिलिमीटर.
म्हणजे सव्वाशे मीटर, साहेब.

"त्यात आमची गिरणी येते.
दोन विहिरी.
माझा भाऊ पुरलाय."

कुणी काही बोललं नाही.
घड्याळं मात्र बघितली.

"बाकी तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला,
"पेन्सिलीला तेवढं टोक करा."

केलं.
दोनदा मोडलं.