चाकांपुरतं अंतर

दिवाडीच्या धक्क्यावर फेरीबोट पुढचा फळा टाकते
तेव्हा ती कुणा एकासाठी टाकत नाही.
बुलेट उतरते, मासळीच्या पाट्या, पोदेराची सायकल,
आणि मी.
ओहोटीला उतार जरा उभा होतो,
मग मागून कुणीतरी हात लावतं, न विचारता.
मला ते आवडत नाही. उपयोगी पडतं.

पणजीत मुलाखत पहिल्या मजल्यावर होती.
लिफ्टवरचा 'बंद' लिहिलेला कागद पिवळा पडला होता.
साहेब खाली आले. भला माणूस.
कुणाच्या तरी स्कूटरवर फाईल टेकवून म्हणाले,
"क्षारता म्हणजे काय?"
म्हटलं, भाताला जी आधी कळते
आणि आपल्याला सुगीत.

नोकरी मिळाली. खाजनातल्या पाण्याचं खारेपण मोजायचं,
रोज दोनदा, बांधातल्या मानशीपाशी.
तिची दारं माझ्या बापानं केलेली. माट्टीचं लाकूड, खिळा जवळजवळ नाहीच.
भरतीला आपली आपण मिटतात,
ओहोटीला आपली आपण उघडतात,
कुणाला ढकलावं लागत नाही.
आमच्या घराला मात्र त्यानं उंबरठा केला, नऊ इंच.
मी तेव्हा चालत होते.

बांध मातीचा. चिखल, भाताचं काड.
पावसाळा सरला तरी चाक आरीपर्यंत रुतायचं.
सरपंच म्हणाले, "काँक्रीट घालू बाय, तुमच्याचसाठी."
'तुमच्याचसाठी' त्यांच्या तोंडात
निविदेसारखं वाजलं.
काँक्रीटचं मला ठाऊक आहे.
खेकड्याला बीळ नाही, पाण्याला वाट नाही,
दोन पावसाळ्यांत खालून पोकळ,
तिसऱ्यात भेग, आणि मिठागर झालेलं शेत.
हिच्या चाकांपायी शेत गेलं, असं गावानं म्हणायला नको.
मी घरी बसायलाही नको.
अर्जात या दोन्हींसाठी मिळून एक रकाना नव्हता.

बोस्त्यांव आला. सत्तरीचा, जन्मभर बांध तुडवलेला.
काही बोलला नाही. खुर्चीपाशी उकिडवा बसला
आणि या चाकापासून त्या चाकापर्यंत वीत लावली.
अडीच विती, वर दोन बोटं.
"तुज्या बापायची वीत ल्हान आसली," एवढंच म्हणाला.
मग चिऱ्यांच्या दोन ओळी, मधे माती,
मातीत गवत, गवतात खेकड्यांची ये-जा.
शाळेतली पोरं मला आगगाडी म्हणतात.
मी शिटी देते.

कामाजवळ म्हणून पिएदादला खोली बघायला गेले.
दोना आर्मिंदाचं घर. शिंपल्यांच्या खिडक्या,
बाल्कांवात समोरासमोर दोन सोपे,
आणि पाच पायऱ्या.
"पणजोबांच्या वेळची पायरी, ती कशी फोडू?"
मी फोडा म्हटलंच नव्हतं.
विहिरीच्या बाजूनं मागल्या दारापर्यंत वाट सपाट होती.
"छे छे, पाहुण्यानं मागल्या दारानं यायचं?"
म्हटलं, मी पाहुणी नाही, भाडं देणार आहे.
त्या विचार करतायत.
जानेवारीपासून.

चिरे मानशीच्या सात हात अलीकडे संपले.
उरलेले पंचायतीच्या पुढच्या ठरावात आहेत.
बोस्त्यांव म्हणतो, खुर्चीसकट उचलून नेतो.
मी नको म्हणते, तो रागावतो,
दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो.

ओहोटी लागते.
बापाची दारं कुणालाही न विचारता उघडतात.
सात हातांवरून मी दोरी बांधलेली बाटली फेकते,
ओढते, आकडा लिहिते.
वहीत एक रकाना मी माझा आखून घेतलाय, अंतर म्हणून.
त्यात रोज दोनदा,
सात.