अर्धा आटा

नाईट संपली आणि मेडिकलच्या स्टँडवर
माझी स्कूटी दोनदा खोकली, गप्प झाली.
ढकलत आणली उंटखान्यापर्यंत.
सकाळचे सव्वासात, मे महिना,
डांबर आतापासूनच चपलेला धरू पाहणारं.

उकंडराव मेश्राम दुकानापुढं बाजेवर.
उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेलाच,
जसा कुणी दुसऱ्याचा सांभाळायला दिलाय.
फेब्रुवारीत एकोणीस नंबरच्या खाटेवर होते,
मी सलाईन बदलायची, तेव्हा बोलता येत नव्हतं.
आता येतं. ओढून येतं, पण येतं.

"पोरगा आंघोळीले गेला. तूच खोल."
"मी?"
"काहून? सुया टोचतं नं तू लोकाइले?"

आधी फुंकर. प्लगाच्या बुडाशी बसलेली रेती उडवायची,
नाहीतर तीच आत जाऊन पिष्टन खाईल.
मग हात लावून पाहायचं, इंजिन निवलं का.
गरम असताना खोललं तर आटेच बाहेर येतात:
हेड ॲल्युमिनियमचं, भोळं;
प्लग लोखंडाचा, त्याला कुणाचं काही नाही.

जुना निघाला. टोकाला कोरडी काजळी.
डोळ्याशी धरून म्हणाले, "चोक ओढून हिंडतं तू."
हिंडते. थंडीपासून.

नव्याच्या फटीत पत्ती सरकवली,
अडत अडत गेली, तशीच जायला हवी होती.
मी पान्याला हात लावला तर ओरडलेच,
"पाना ठेव! पाना ठेव बाप्पा!"
पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा
प्लगाच्या डोक्यावर चढवायला लावला.
दोन बोटं, बस.
आणि आधी उलटं फिरवायचं. उलटं.
आटा आट्यात पडतो तिथं बारीकसं टक् होतं,
कानाला नाही, बोटाला.
तिथून सुलटं.

तिसऱ्या फेऱ्याला अडलं. मी जोर लावणार,
तेवढ्यात डावा हात वर:
"अडलं तं मांगं ये. नळी घसरली तं घसरू दे,
आटा घसरला नाही पाह्यजे."

माझ्या दिरानं मागच्या साली
पान्याला पाइप जोडून कसला होता.
नवं हेड, अडीच हजार.
वर म्हणाला, घट्ट पाहिजे ना, वहिनी?

वायसर टेकला. इथवर सगळं बोटांनीच.
आता पाना: नवा प्लग, अर्धा आटा.
जुनाच परत बसवला तर पावाच्याही आत थांबायचं,
त्याचा वायसर आधीच दबलेला असतो.
दांडा सहावर होता, बारावर आणला.
दबताना काहीतरी मऊ लागलं, मग मऊ संपलं.
हात म्हणाला, अजून थोडं.

"हात म्हणतेच," उकंडराव म्हणाले. "आयकाचं नाही."

टोपी खट् बसली. दुसऱ्या किकला धूर,
तिसऱ्याला स्कूटी आपल्या आवाजात.

पैसे घेईनात. जुना प्लग
पत्र्याच्या डब्यात टाकला, इतर जुन्यांत.
मग मी पिशवीतून बीपीचं मशीन काढलं,
डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला,
फुगा दाबत गेले. एकशे सत्तर, ऐंशी...
"बस व माय," म्हणाले, "किती कसतं."

पोरगा आला ओल्या केसांनी,
पाना उचलून प्लगाकडं वाकला.
बापानं बसल्या जागेवरून पायानंच ढोसलं.
"राहू दे. बसला तो."